अकरा आणि बावीस

दहावी ब च्या वर्गात उज्वला फळ्यावर पेशी काढत होती. मोठा गोल, दोन्ही टोकांकडून येणारे धागे, आणि मधोमध एका ओळीत उभी राहिलेली गुणसूत्रं. सूत्री विभाजनाची ही मध्यावस्था तिनं इतक्या वर्षांत इतक्यांदा काढली होती, की हात आपोआप चालायचा. आज मात्र ओळ पूर्ण होण्याआधीच खडू थांबला.

"मॅडम, आता पश्चावस्था येणार ना?" मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं. "धागे ओढणार, निम्मी इकडं, निम्मी तिकडं. पण ओढताना चुकलं तर?"

"म्हणजे?"

"म्हणजे एका बाजूला एक जास्त गेलं तर?"

वर्ग हसला. सातपूरच्या कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्या आईबापांची ही मुलं. शंका विचारणाऱ्याला आधी हसून घ्यायचं, ही त्यांची रीतच होती. एरवी उज्वलानं त्या मुलीला शाबासकी देऊन वर्गाला गप्प केलं असतं. आज तिनं नुसती ओढणी पोटावर सारखी केली.

"बहुतेक वेळा अशी पेशी जगत नाही," ती म्हणाली.

"आणि जगली तर?"

"आकृती उतरवून घ्या आधी. नावं नीट द्या." ती खुर्चीत बसली.

मुलीचा प्रश्न तिच्यासाठी नवीन नव्हता. गेला आठवडाभर तिच्या मनात दुसरं काही नव्हतंच. कॉलेज रोडवरच्या डॉक्टरांनी तिच्या पोटात लांब सुई घालून गर्भाभोवतालचं पाणी काढून घेतलं होतं. ते मुंबईच्या लॅबला गेलं होतं. त्या पाण्यात बाळाच्या पेशी असतात. लॅबवाले त्या वाढवणार, विभाजन सुरू झालं की नेमक्या मध्यावस्थेत थांबवणार, कारण तेव्हाच गुणसूत्रं एकेक वेगळी ओळखू येतात. मग त्यांचा फोटो काढून जोड्या लावणार. सगळं तिला पाठ होतं, आणि पाठ असल्याचा तिला काडीचा उपयोग होत नव्हता.

ही तिसरी वेळ होती. पहिल्या दोन्ही वेळी तिसरा महिना सरायच्या आत सगळं संपलं होतं. पहिल्या वेळी लोक 'होतं असं' म्हणाले. दुसऱ्या वेळी कुणी तसं म्हणालं नाही. सासू, सिंधुबाई, गावाकडून आलेल्या प्रत्येकीला सांगायच्या, "दिवसभर शाळेत उभी राहती, अन् येताजाता ती गाडी. अंबडच्या रस्त्यानं किती गतिरोधक हायेत, पोर टिकंल का?" उज्वलालाही ते हळूहळू पटायला लागलं होतं. प्रयोगशाळेत स्टुलावर चढून तिनं एकदा सांगाडा खाली काढला होता. त्या सांगाड्याकडे ती पुढे कित्येक महिने बघू शकली नाही.

दुसऱ्या वेळेनंतर डॉक्टरांनी नवराबायको दोघांनाही रक्ततपासणी सांगितली. उज्वलानं लगेच रक्त दिलं. तिचा रिपोर्ट चांगला आला. सोमनाथचं मात्र आज ऑडिट, उद्या ओव्हरटाइम असं चालूच राहिलं. तो सातपूरला एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर होता. माणूस वाईट नव्हता; आईच्या तोंडाला तोंड न देणारा, भांडण दिसलं की खाली जाऊन मोटरसायकल पुसत बसणारा. उज्वलाला परत दिवस राहिले तेव्हा डॉक्टरच रागावल्या आणि मग त्यानं रक्त दिलं.

रिपोर्ट आला त्या दिवशी डॉक्टरांनी कागद त्याच्याकडे फिरवला होता.

"सोमनाथ, तुमच्यात कमी काही नाही आणि जास्तही काही नाही," त्या म्हणाल्या. "फक्त अकरा नंबरच्या एका गुणसूत्राचा टोकाचा तुकडा बावीस नंबरच्या एकावर बसलाय, आणि त्याचा याच्यावर. अदलाबदल झालीय. तुम्हाला स्वतःला त्याचा त्रास नाही. पण बाळाला देण्यासाठी निम्मं वेगळं काढायची वेळ येते, तेव्हा ही वाटणी चुकू शकते. आधीच्या दोन्ही वेळी बहुधा तेच झालं असावं."

"म्हणजे हिच्यामुळे नाही?" सोमनाथनं विचारलं.

"कुणाच्या 'मुळे' असं यात नसतंच. पण नाही. यांच्यामुळे नाही."

घरी येताना त्यानं पाथर्डी फाट्याला गाडी बाजूला घेतली होती आणि मागे न वळता म्हणाला होता, "आईला सांगू नको. कुणालाच नको. रोज मी लोकांचा माल रिजेक्ट करतो, उज्वला. माझ्यातच फॉल्ट निघाला म्हटल्यावर..."

तिला त्याची इतकी दया आली की ती हो म्हणून बसली.

त्या 'हो'चं ओझं रोज थोडं वाढत होतं. इंदिरानगरच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये संध्याकाळी सिंधुबाई वाती वळत बसायच्या आणि विषय त्र्यंबकेश्वराकडे जायचा. "श्रावण लागला हाय. भटजीला विचारून ठेवलंय मी. घराण्याचा काही दोष असंल तर निघून जाईल. तुझ्या माहेरी कुणाचं काही राहिलंय का, ते पण विचार." उज्वला भाजी निवडत राहायची. घराण्याचा दोष. बाईंच्या तोंडून शब्द अगदी बरोबर निघाला होता, फक्त घराणं चुकलं होतं. सोमनाथ टीव्हीचा आवाज वाढवायचा.

फळ्यावरच्या त्या आकृतीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी शिक्षकखोलीत तिचा फोन वाजला. लॅबचा नंबर. ती कपाटांच्या मागे जाऊन उभी राहिली.

"मॅडम, पेशींची वाढ जरा हळू आहे," पलीकडून एक तरुण आवाज म्हणाला. "पुरेशी विभाजनं दिसत नाहीयेत अजून. आणखी थोडे दिवस बघू."

"आणि नाहीच वाढल्या तर?"

"तर सॅम्पल परत घ्यावं लागेल."

परत सुई. परत वाट. आणि पोट काही कुणासाठी थांबत नव्हतं. उद्या नको ते कळलंच, तर निर्णय घ्यायला हातात किती वेळ उरेल, हा हिशेब तिच्या डोक्यात सुरू झाला आणि काही केल्या बंद होईना. पेशी हळू का वाढत असतील? आतच काही बिघडलंय म्हणून? की काचेच्या ताटलीतच काही कमी पडलं? तिनं लॅबमधल्या त्या मुलाला विचारलंही. तो म्हणाला, "तसं काही सांगता येत नाही, मॅडम." पुढच्या तासाला तिनं नववीच्या मुलांना एक गणित दोनदा चुकीचं सोडवून दाखवलं.

त्याच संध्याकाळी वैष्णवीचा फोन आला. वैष्णवी म्हणजे सोमनाथची धाकटी बहीण, सिन्नरला दिलेली. तिचीही दोन बाळं पोटातच गेली होती. फोनवर ती आधी इकडचं तिकडचं बोलली, मग एकदम रडायला लागली.

"वहिनी, सासूबाई म्हणतात, राखीला चाललीस तर सामान घेऊनच जा. पोटाचं काय ते बघून ये म्हणतात. दिनेश काहीच बोलत नाहीत हो. परवा त्यांची मावशी आलेली, ती माझ्यासमोर कुठल्या तरी मुलीचं नाव घेत होती."

"कुठल्या मुलीचं?"

"तुम्हाला कळलं नाही का वहिनी?"

उज्वलाला कळलं होतं. तिच्या जिभेवर सगळं आलं होतं: अगं, एक रक्ताची तपासणी करून घे, तुझ्या दादाच्या रक्तात सापडलंय, तुझ्यातही असू शकतं, तुझा काही गुन्हा नाही. ती नुसतं म्हणाली, "तू ये. राखीला ये, मग बोलू." फोन ठेवल्यावर तिला स्वतःचीच शिसारी आली.

सोमनाथ गॅलरीत दोरीवरचे कपडे काढत होता. ती त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि वैष्णवीचं सगळं सांगितलं.

"तिला सांगायला पाहिजे," ती म्हणाली.

"सांगू. तुझा रिपोर्ट येऊ दे आधी."

"माझ्या रिपोर्टचा तिच्याशी काय संबंध?"

त्यानं चिमटे एकात एक अडकवले. "तिला सांगितलं की आईला कळणार. आईला कळलं की गावाला कळणार. काका, मामा, सगळे. सोमनाथमध्ये फॉल्ट हाय म्हणतील."

"आणि आत्तापर्यंत माझ्यात आहे म्हणत होते, ते?"

तो चिमटे तसेच हातात धरून उभा राहिला.

"मी तुम्हाला शब्द दिला होता," उज्वला म्हणाली. "तो मी राखीपर्यंत पाळेन. वैष्णवी घरात आली की तुम्ही सांगा. नाहीतर मी सांगणार. मला तुमची बेअब्रू करायची नाही. पण तिकडं तिची सवत शोधताहेत."

तो दोन दिवस तिच्याशी धड बोलला नाही. ताटातलं निम्मं तसंच टाकून उठायचा. सिंधुबाईंनी विचारलं तर 'कंपनीत टेन्शन आहे' म्हणाला. उज्वलाला वाटत होतं, आपण पोटातल्याचा विचार करावा की याचा की वैष्णवीचा? फोन वाजला की ती हातातलं टाकून धावायची आणि लॅबचा नंबर नसला की पुन्हा कामाला लागायची.

राखीपौर्णिमेला वैष्णवी आली ती खरंच मोठी बॅग घेऊन. सिंधुबाईंनी बॅगेकडे पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. स्वयंपाकघरात नारळीभात शिजत होता. सोमनाथ पाटावर बसला, डोक्यावर रुमाल टाकला. वैष्णवीनं कुंकू लावलं, राखी बांधली, ओवाळलं. तिनं गालांवर पावडर लावली होती, तरी डोळ्यांखालचं काळं लपत नव्हतं.

"काय घालतोस ओवाळणी?" ती उसनं हसत म्हणाली.

सोमनाथनं खिशात हात घातला आणि तसाच बाहेर काढला. उज्वला दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तो तिच्याकडे बघत नव्हता.

"वैशी, खाली बस," तो म्हणाला. "आई, तू पण बस. एक सांगायचंय."

"भात लागंल," सिंधुबाई म्हणाल्या.

"लागू दे."

असं तो आईशी कधी बोलत नसे. सिंधुबाई बसल्या.

"उज्वलाची दोन गेली ना, ती माझ्यामुळं गेली," तो म्हणाला. "गाडीमुळं नाही, शाळेमुळं नाही. रक्त तपासलं माझं. त्यात निघालंय."

"काय निघालंय? धडधाकट तर हायेस," सिंधुबाई म्हणाल्या. "डागतरांना काय, बोलायला काय लागतंय!"

"मी धडधाकटच आहे. ऐक तर." डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं विसरल्यासारखा तो जरा वेळ हाताकडे बघत राहिला, आणि मग त्यानं कंपनीचं काढलं. "समज, आमच्याकडं दोन खोके आहेत. पॅक करणाऱ्यानं याच्यातले चार नट त्याच्यात टाकले, त्याच्यातले चार याच्यात. दोन्ही खोके आमच्याच गोडाऊनमध्ये आहेत तोवर माल पूर्ण आहे. एकही नट कमी नाही. तसा मी. पण गाडी भरताना एकच खोका गेला, तर? तिकडं चार नट कमी आणि नको ते चार जास्त. मशीन उभंच राहत नाही. तसं झालं आमचं. दोन्ही वेळा."

कुकरची वाफ सुटल्याचा आवाज येत होता.

"हे जन्माचं असतं," सोमनाथ पुढे म्हणाला. "मला कुणाकडून तरी आलंय. आईकडून नाहीतर आपल्या वडिलांकडून. म्हणून वैशीत पण असू शकतं." आणि मग, वैष्णवीकडे बघत, अगदी हळू, "मला महिन्यापूर्वी कळलंय. मी बोललो नाही. भीती वाटली."

वैष्णवीनं त्याच्याकडे असं पाहिलं की उज्वलाला वाटलं, आता ती ताट भिरकावणार. तिनं ताट नीट बाजूला ठेवलं. "महिना झाला?" एवढंच म्हणाली, आणि गुडघ्यांत डोकं घालून रडू लागली. सोमनाथनं तिच्या पाठीवर हात ठेवला. तिनं तो झटकला. त्यानं परत ठेवला. या वेळी तिनं राहू दिला.

सिंधुबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या. उज्वला पाठोपाठ गेली. भात खाली लागला होता. बाईंनी गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून उभ्या राहिल्या.

"माझी पण दोन गेली," त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या. "ह्याच्या अन् वैशीच्या मधी. कुणालाच म्हाईत नाय. सासू म्हणायची, हिची कूस जळकी. न्हाणीत बसून रडायची मी, आवाज नको म्हणून बादलीत पाणी सोडून."

उज्वला त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"मग हे माझ्याकडनं आलं का त्यांच्याकडनं?"

"तुमचं रक्त तपासलं तर कळेल, आई."

सिंधुबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "नको. ते गेले. माझ्यात नाय निघालं तर त्यांच्यावर जाईल, अन् माझ्यात निघालं तर... नको." मग "गाडीवरून लय बोलले मी तुला," असं म्हणून त्यांनी करपलेला भात खरवडायला घेतला. उज्वलानं त्यांच्या हातातून उलथनं काढून घेतलं. "राहू द्या. वरचा चांगला आहे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी वैष्णवीचं रक्त काढलं गेलं. सिस्टर बाटलीवर नाव लिहीत असताना तिनं उज्वलाचा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतली.

आणि मग एका दुपारी डॉक्टरांचा फोन आला. पेशी वाढल्या होत्या. रिपोर्ट आलाय, दोघंही या, एवढंच त्या बोलल्या. आवाजावरून काही कळेना. उज्वलानं मुख्याध्यापकांना सांगितलं, सोमनाथ गेटवर येईपर्यंत उन्हात उभी राहिली. दोघं मोटरसायकलवर निघाले. प्रत्येक सिग्नल लाल लागत होता. तिच्या डोक्यात मात्र एकच गोष्ट चालली होती: चांगलं असतं तर त्यांनी फोनवरच सांगितलं असतं. चांगलं असतं तर 'दोघंही या' म्हणाल्या नसत्या.

डॉक्टरांनी दार लावून घेतलं आणि आधी पाण्याचे ग्लास पुढे केले. ते बघून उज्वलाचा धीर सुटला.

"मॅडम, सांगून टाका," ती म्हणाली.

"घाबरू नका. बाळात अदलाबदल आहे," डॉक्टर म्हणाल्या. "अकरा आणि बावीस. पण दोन्ही बदललेली गुणसूत्रं सोबत आलीत. दोन्ही खोके..." त्या थांबल्या आणि सोमनाथकडे बघून हसल्या. "तुम्ही मघाशी बाहेर माझ्या सिस्टरना समजावत होतात, ते ऐकलं मी. दोन्ही खोके आलेत. माल पूर्ण आहे. बाळ तुमच्यासारखं आहे, आणि तुम्ही तर समोर बसलाय. सोनोग्राफीतही सगळं व्यवस्थित दिसतंय. सगळ्याची हमी कुणीच देत नाही, पण ज्याची भीती होती ते नाही."

उज्वलानं फोटो बघायला मागितला. जोड्या ओळीनं मांडल्या होत्या. शेवटची, मुलगा की मुलगी सांगणारी जागा तेवढी झाकलेली. ती अकराव्या जोडीपाशी गेली. एक जरा लांब, एक जरा आखूड. इतका लहान फरक, की सांगितल्याशिवाय दिसला नसता. सोमनाथ तिच्या खांद्यावरून बघत होता.

"माझ्यावर गेलंय," तो म्हणाला. तो उठून खिडकीपाशी गेला.

उज्वलाला रडू आलं नाही. इतक्या दिवसांची भीती एकदम सरली होती, पण तिच्या जागी काय ठेवायचं ते तिला कळत नव्हतं. हे मूल मोठं होईल, लग्न करील, आणि एक दिवस अशाच खुर्चीवर बसून असाच पाण्याचा ग्लास धरून वाट बघेल. त्याला आपण कधी सांगायचं? कुठल्या वयाला? 'तुझं काही चुकलेलं नाही' हे वाक्य आधी कुणाला सांगायचं, त्याला की त्याच्या जोडीदाराला? डॉक्टरांनी विचारलं, "बरं वाटतंय ना?" ती हो म्हणाली, आणि ते खरंही होतं.

वैष्णवीचा रिपोर्ट गौरी बसायच्या सुमारास आला. ती अजून माहेरीच होती. तिनं पाकीट स्वतः न उघडता उज्वलाकडे दिलं. उज्वलानं एकदा वाचलं, मग दुसऱ्यांदा. वैष्णवीची सगळी गुणसूत्रं जिथल्या तिथं होती. अदलाबदल नव्हती.

"मग चांगलंय ना?" सिंधुबाईंनी विचारलं.

"चांगलंय," उज्वला म्हणाली.

वैष्णवीचा चेहरा मात्र उतरला. "वहिनी, मग माझी का गेली?" ती म्हणाली. गेले काही दिवस तिनं त्या अदलाबदलीला धरून ठेवलं होतं. निदान नाव तरी होतं त्याला. आता ते पण हातातून गेलं.

"अजून तपासण्या आहेत," उज्वला म्हणाली. "आणि दिनेशरावांचं रक्त द्यायला हवं. दोघांचं बघतात."

"ते देणार नाहीत. सासूबाई देऊच देणार नाहीत."

सोमनाथ सोफ्यावरून उठला. "मी बोलतो दिनेशशी. माझा रिपोर्ट घेऊन जातो सिन्नरला. त्याला म्हणतो, बघ, मी दिलं, मला काही झालं नाही."

"तू नको," सिंधुबाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा लावला, फोन डोळ्यांजवळ धरून नंबर शोधला, आणि स्पीकर चुकून चालू झालेला त्यांना कळलं नाही. दोनदा घंटी गेल्यावर पलीकडून वैष्णवीच्या सासूचा कोरडा आवाज आला.

"बोला."

"विहीणबाई, सिंधू बोलती, नाशिकहून," त्या म्हणाल्या. उज्वलाला दिसलं की त्या प्रत्येक शब्द आधी मनात लावून घेताहेत. "माझ्या लेकाबद्दल तुम्हाला काही सांगायचंय. ऐकून घ्या. मधी बोलू नका."

वैष्णवी आईचा पदर धरून बसली. पलीकडून विहीणबाईंचा आवाज आला, "बोला, ऐकतेय." आणि सिंधुबाईंनी खोक्यांपासून सुरुवात केली.